इंजिनाचा दम

मंचरला पुणे-नाशिक रस्ता सोडून गाडी पश्चिमेकडे वळली, की घोडेगावपर्यंत तिच्या तब्येतीबद्दल काही कळत नाही. दोन्ही बाजूंना ऊस, कांदा, बटाटा. रस्ता बराचसा सरळ. इथे कोणतेही इंजिन शहाण्यासारखे वागते. शिनोली मागे पडते, डिंभ्याच्या धरणाचे पाणी दिसू लागते आणि पोखरीचा घाट सुरू होतो. मग तिची खरी ओळख पटते. तिसऱ्यावरून दुसरा गिअर, दुसऱ्यावरून पहिला. मागे दाटीवाटीने बसलेली माणसे बोलायची थांबतात. चालक ॲक्सिलरेटर तळाला टेकवतो आणि गाडी मात्र जावे की न जावे, असा विचार करत असल्यासारखी चढते.

घाटावर तळेघर आहे. भीमाशंकरला जाणाऱ्या भाविकाच्या लेखी ते चहासाठी थांबायचे गाव. आसपासच्या महादेव कोळी वाड्यावस्त्यांच्या लेखी ते खाली उतरण्याआधीचे मोठे गाव. श्रावणात आणि महाशिवरात्रीला ज्या जीपगाड्या भाविकांनी ओसंडून वाहतात, त्याच वर्षभर हिरड्याची पोती, कॉलेजची मुले, लग्नाचे वऱ्हाड आणि बाळंतपणाची अडलेली बाई घेऊन घोडेगावच्या नाहीतर मंचरच्या रुग्णालयाकडे धावतात. याच तालुक्यातले माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. आणि गाव जागेवर नाही, हे बाहेरच्या जगाला कळले ते त्या रस्त्याने गेलेल्या एका एसटीचालकामुळे. या डोंगरांत चाक फिरते राहणे ही चैनीची बाब नाही.

म्हणूनच घाटात गाडीने दम सोडला की मालकाच्या पोटात गोळा येतो. गाडी गॅरेजला जाते, बॉनेट उघडते, मिस्त्री सेल्फ मारायला सांगतो, कान देऊन ऐकतो आणि निकाल देतो : ‘‘कॉम्प्रेशन गेलंय. इंजिनकाम निघालं.’’ हे ऐकणाऱ्याची अवस्था, ‘ऑपरेशन करावं लागेल’ असे डॉक्टरच्या तोंडून ऐकणाऱ्या नातेवाइकासारखी होते. काही विचारावेसे वाटते. पण काय विचारावे, हे ठाऊक नसते. इंजिनकाम म्हणजे बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, हेडचे काम, मशीनशॉपच्या खेपा, आणि हंगामाच्या ऐन दिवसांत गाडी लाकडी ठोकळ्यांवर. कर्जाचा हप्ता मात्र ठोकळ्यांवर चढत नाही. तेव्हा हे ‘कॉम्प्रेशन’ म्हणजे नेमके काय, ते मोजतात कसे आणि टर्बोच्या गाडीत त्या मोजमापाचा अर्थ लावताना गफलत कुठे होते, हे गाडीच्या मालकानेही समजून घ्यायला हवे.

खरे तर कॉम्प्रेशन हा शब्द मराठी शेतकऱ्याला नवा नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ साली पुण्याला खडकीत सुरू झाला, आणि पुढच्या तीन-चार दशकांत विहिरीवर, गुऱ्हाळावर, पिठाच्या गिरणीत डिझेल इंजिनाची ‘टुक टुक’ महाराष्ट्रभर पोचली. ज्याने ते इंजिन हाताने चालू केले आहे, त्याने कॉम्प्रेशन दंडात अनुभवले आहे. आधी डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि आत कोंडायला हवाच उरत नाही. मग हँडल घालून जड चाकाला गती द्यायची. गती पुरेशी आली की खटका पाडायचा. त्या क्षणी कोंडलेली हवा चाकाला उलटी ढुशी देते. ती ओलांडली की इंजिन पेटते. खटका न उचलता चाक हाताने हळूच फिरवून पाहिले, आणि ते एका जागी येऊन स्प्रिंगवर आपटल्यासारखे मागे आले, तर म्हातारी माणसे म्हणत, ‘‘इंजिन चांगलंय.’’ चाक फुसफुसत, विरोध न करता पुढे निघून गेले, तर रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह पाहायची वेळ आली. ही कॉम्प्रेशनची चाचणीच होती. फक्त काट्याऐवजी मनगट होते.

रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत आऊग्सबुर्गला यशस्वी झाले ते याच एका गोष्टीच्या जोरावर. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक तापते, हे आपण लहानपणी बोट भाजून शिकलेलो असतो. डिझेल इंजिनात हवा सतरा-अठरा पट आणि जुन्या इंजिनांत एकवीस-बावीस पट लहान जागेत दाबली जाते. ती इतकी तापते, की त्यात फवारलेले डिझेल ठिणगीशिवाय पेट घेते. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी द्यावी लागते. पण तिथेही मिश्रण नऊ-दहा पट दाबलेले नसेल, तर ठिणगीला काही अर्थ नाही. पिस्टन म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला दट्ट्या. त्याच्या भोवतीच्या रिंगा, वरचे व्हॉल्व्ह आणि हेड व ब्लॉकमधले गॅस्केट या तिघांनी मिळून ती हवा कोंडून धरायची. तिघांपैकी एकानेही हात सैल सोडला, की दाब पडतो, उष्णता पडते आणि थंडीच्या दिवसांत तळेघरला सकाळी सहा वाजता गाडी दहा वेळा सेल्फ मारूनही चालू होत नाही.

जुन्या पेट्रोल जीपमध्ये मिस्त्री एक प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि पोराला सेल्फ मारायला सांगायचा. अंगठा फटकन उडाला तर ठीक. पद्धत वाईट नव्हती. पण अंगठ्याला दहा आणि आठ यांतला फरक कळत नाही, आणि कॉम्प्रेशनच्या चाचणीचा सगळा अर्थ त्या फरकातच असतो. डिझेलला तर अंगठा लावायचा विचारही करू नये. त्यासाठी काटा हवा.

काटा म्हणजे दाबमापक, त्याला एक नळी आणि तोंडाशी प्लगच्या आट्यांत बसणारा अडॅप्टर. आत एकेरी व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे चढलेला दाब तिथेच टिकून राहतो आणि आकडा निवांत वाचता येतो. पेट्रोलचा काटा वेगळा, डिझेलचा वेगळा. पेट्रोलच्या इंजिनात दाब चौरस सेंटिमीटरला दहा ते चौदा किलोच्या आसपास, डिझेलमध्ये त्याच्या दुप्पट आणि त्याहूनही जास्त. पेट्रोलचा काटा डिझेलला लावला तर इंजिनाचे काही कळण्याआधी काट्याचे इंजिनकाम निघते.

चाचणीची रीत सोपी आहे, आणि सोपी आहे म्हणूनच ती अर्धवट केली जाते. इंजिन गरम हवे. थंड इंजिनात रिंगा आणि पिस्टन आपापल्या जागी फुललेले नसतात. बॅटरी भरलेली हवी. एकच प्लग नव्हे, सगळे प्लग काढायचे (डिझेलमध्ये हीटर प्लग किंवा नोझल), म्हणजे सेल्फवर इतर सिलिंडरांचा भार येत नाही आणि इंजिन सारख्या गतीने फिरते. इंधन आणि ठिणगी दोन्ही बंद करायची. पेट्रोलच्या गाडीत थ्रॉटल पूर्ण उघडा हवा. तो मिटलेला असेल तर इंजिनाला हवाच मिळत नाही आणि चारही आकडे उगाच खाली येतात. हल्लीच्या गाड्यांत पायाखालच्या पॅडलचा आणि थ्रॉटलचा संबंध तारेने नसून कॉम्प्युटरमार्फत असतो. पाय दाबला म्हणून पाकळी उघडली असेलच, असे नाही. होज काढून डोळ्याने पाहावे. मग प्रत्येक सिलिंडरला काटा लावून पाच-सहा दाबांपर्यंत सेल्फ मारायचा. प्रत्येकाला सारखेच मोजून. पहिल्या दाबाला काटा किती उडाला आणि शेवटी कुठे थांबला, हे दोन्ही लिहायचे. निरोगी सिलिंडर पहिल्याच दाबाला मोठी झेप घेतो. झिजलेला सिलिंडर हप्त्याहप्त्याने चढतो.

इथे एक शंका येते, आणि ती यायलाच हवी. हवा सतरा पट दाबली तर दाब सतरा पट व्हावा; काटा पंचवीस-अठ्ठावीस कसा दाखवतो? कारण हवा दाबताना तापते, आणि तापलेली हवा आणखी जोर लावते. पूर्ण हिशेबाने तर आकडा याहूनही वर जायला हवा. पण सेल्फच्या संथ गतीत थोडी हवा निसटते, थोडी उष्णता भिंतींत जाते. म्हणून दाबाचे गुणोत्तर वेगळे आणि काट्यावरचा आकडा वेगळा. ‘सतराचं इंजिन आहे, म्हणजे सतरा किलो पुरे’ असे म्हणणारा मिस्त्री भेटला, तर नमस्कार करून गाडी पुढे न्यावी.

आता टर्बोकडे येऊ. आल्फ्रेड ब्यूची नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. इंधनातल्या ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्सा गरम धुराबरोबर सायलेन्सरमधून वाया जातो. त्या धुराने एक पंखा फिरवावा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने ताजी हवा दाबून इंजिनात कोंबावी, एवढीच ती कल्पना. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते, म्हणून ताकद जास्त. टर्बोचा खरा कस मात्र लागला तो डोंगरावर. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफर्ड मॉस याने विमानाचे लिबर्टी इंजिन ट्रकवर चढवून अमेरिकेतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर नेले. खाली साडेतीनशे हॉर्सपॉवर देणारे ते इंजिन वरच्या विरळ हवेत २३० वर आले. टर्बो जोडताच पुन्हा साडेतीनशेच्या पुढे गेले. टर्बो आणि घाट यांचे नाते असे शंभर वर्षांहून जुने आहे.

मोटारगाडीत टर्बो यायला १९६२ उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर बाजारात आली आणि वर्षभरातच तिने जगाला एक धडा दिला. कंपनीने टर्बो तर बसवला, पण इंजिनाचे दाबाचे गुणोत्तर सव्वादहाच ठेवले. आधीच कोंबलेली हवा पुन्हा इतकी दाबली, की पेट्रोल वेळेआधी पेट घेऊ लागते आणि इंजिन ठोके मारते. ते टाळायला गाडीत पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारावे लागे. ग्राहक ती टाकी भरायला विसरत. १९६३ नंतर ती गाडी बंद झाली. तेव्हापासून टर्बोच्या पेट्रोल इंजिनात मूळ दाब मुद्दाम कमी ठेवण्याची पद्धत पडली. उरलेला दाब टर्बो देतो. पुढे इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारण्याचे तंत्र आले आणि हे गुणोत्तर थोडे पुन्हा वर सरकले; पण तत्त्व तेच.

आणि इथेच चाचणीतली मेख आहे. टर्बो धुरावर फिरतो. भरधाव असताना तो मिनिटाला लाखावर फेरे घेतो. सेल्फ मारताना इंजिन मिनिटाला जेमतेम दोनशे-अडीचशे फेरे घेते, आत काही जळत नाही, धूर नाही. टर्बो झोपलेला असतो. म्हणजे काटा जे मोजतो ते टर्बोविना इंजिन : रिंगा, व्हॉल्व्ह, गॅस्केट, बस्स. टर्बोची ताकद या चाचणीत येत नाही आणि टर्बोचा आजारही येत नाही. साध्या पेट्रोल गाडीच्या तेरा-चौदाच्या आकड्याची सवय झालेल्या मिस्त्रीला टर्बो पेट्रोलचा साडेदहा-अकरा दिसला, की तो मान हलवतो. वास्तविक ते इंजिन ठणठणीत असू शकते. डिझेलमध्येही तेच. आकुर्डीला बजाज टेम्पोच्या कारखान्यात (२००५ पासून तिचे नाव फोर्स मोटर्स) मर्सिडीजच्या परवान्याने तयार होणारे ओएम ६१६ हे इंजिन कित्येक मिस्त्र्यांची शाळा होती. त्याचे गुणोत्तर एकवीस, टर्बो नाही. त्याचे आकडे डोक्यात ठेवून आजच्या सोळा-सतरा गुणोत्तराच्या टर्बो इंजिनाकडे पाहिले, तर प्रत्येक गाडी आजारी दिसेल.

टर्बो आपल्याकडच्या खासगी गाड्यांत रुळला तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून. १९९८ मध्ये टाटांची सफारी आली, २००२ मध्ये महिंद्रांची नाशिकला घडलेली स्कॉर्पिओ. धुराचे नियम कडक होत गेले, २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहा लागू झाले, आणि टर्बो नसलेले डिझेल प्रवासी वाहन शोधूनही सापडेनासे झाले. आंबेगावच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात रांजणगावला फियाटच्या कारखान्यात १.३ लिटरचे टर्बो डिझेल तयार होऊ लागले, आणि २०१७ पासून तिथूनच टर्बो पेट्रोल इंजिनाची नेक्सॉनही बाहेर पडू लागली. टर्बो आता श्रीमंतांची हौस राहिलेला नाही. तो वडापच्या गाडीत आहे, रुग्णवाहिकेत आहे, दुधाच्या टेम्पोत आहे.

घाटावरच्या माणसाने आणखी एक वजावट लक्षात ठेवायची आहे. भीमाशंकरचे पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास आहे आणि तळेघर त्याच्याच अलीकडच्या पायरीवर. या उंचीवर हवेचा दाब मुंबईच्या मानाने सुमारे दहा टक्के कमी असतो. पिस्टन हवा कितीही पट दाबो, सुरुवातच दहा टक्क्यांनी कमी झाली तर शेवटही तेवढाच कमी. म्हणजे पुस्तकात २८ लिहिलेले असेल, तर निरोगी इंजिनही इथे पंचविसाच्या आसपासच दाखवणार. गंमत अशी, की रस्त्यावर धावताना टर्बो ही उणीव बरीचशी भरून काढतो, हवा विरळ झाली की तो थोडा जास्त फिरतो. चाचणीच्या वेळी मात्र तो मदतीला नसतो. डोंगराचा परिणाम गाडीला जिथे कमी जाणवतो, तिथे काट्याला पुरता जाणवतो.

एक उदाहरण घेऊन हिशेब मांडू. समजा, एका टर्बो डिझेल जीपची घाटातली ओढ गेली आहे, चढाला काळा धूर येतो. कंपनीच्या पुस्तकात नव्या इंजिनाचा आकडा २८ आहे. मिस्त्रीने काटा लावला : २१, २०, २१, २१. ‘‘सात किलो उडालेत, इंजिन संपलं.’’ मालकाने हिरड्याचे पैसे, बायकोच्या गळ्यातले, भावाकडची उसनवारी असे सगळे मनात मोजायला घेतले. आता थोडे थांबून त्या चार आकड्यांकडे पाहू. ते जवळजवळ सारखे आहेत. इंजिन झिजते ते असे शिस्तीत, चारही सिलिंडरांत एका मापाने, क्वचितच झिजते. कुठला तरी एक आधी जातो. चारही सारखे खाली असतील, तर पहिला संशय मोजण्याच्या रीतीवर घ्यावा. बॅटरी उतरली होती का? सेल्फ जड फिरत होता का? इंजिन थंड होते का? काटा शेवटचा कधी तपासला? बॅटरी भरून, इंजिन गरम करून पुन्हा मोजले आणि २४, २४, २३, २४ आले, तर उंचीची वजावट धरता हे इंजिन अजून बरीच वर्षे देवाला जाऊन येईल. मग ओढ का गेली? काळा धूर म्हणजे डिझेल आहे, पण ते जाळायला हवा नाही. टर्बो आणि इंटरकूलर यांमधला एखादा रबरी होज फाटला असेल, क्लिप सुटली असेल, एअर फिल्टर धुळीने माखला असेल. कोंबलेली हवा वाटेतच बाहेर पडते आहे. बॉनेट उघडून गाडी रेस केली, की फुस्स असा आवाज येतो, होजवर तेलाचा ओलसर डाग दिसतो. एक होज आणि दोन क्लिपा, एवढेच काम. इंजिन खोलले असते, तरी फाटका होज तसाच राहिला असता.

उलट आकडे २४, २४, १५, २४ असे असते, तर गोष्ट वेगळी. सर्वांत खालचा आकडा सर्वांत वरच्याच्या पाऊणपटीहून कमी असू नये, असा जुना आडाखा आहे. चोवीसची पाऊणपट अठरा. तिसऱ्या सिलिंडरात नक्की काहीतरी आहे. दुसरा आणि तिसरा असे शेजारचे दोन एकदम खाली असतील, तर त्या दोघांमधल्या भिंतीवरचे गॅस्केट जळाल्याची शक्यता मोठी, आणि ते हेड उतरवून निभावते. पेट्रोलच्या इंजिनात पुढची पायरी म्हणजे त्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल ओतून पुन्हा मोजणे. तेल रिंगांभोवती बसते आणि फट बुजवते. आकडा चढला तर दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये, तसाच राहिला तर व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. डिझेलला हा प्रयोग करू नये. पिस्टन वर आला की तिथे जागा इतकी थोडी उरते, की तेलामुळेच आकडा फुगतो, आणि तेल जास्त झाले तर काहीतरी वाकते किंवा तेलच पेट घेते.

डिझेलसाठी, किंबहुना सगळ्यांसाठीच, याहून चांगला उपाय म्हणजे बाहेरून हवा भरून पाहणे. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले, अशा स्थितीत इंजिन अडकवून ठेवायचे आणि कॉम्प्रेसरची हवा सिलिंडरमध्ये सोडायची. किती हवा निसटते ते काटा सांगतो. कुठून निसटते ते कान सांगतात. एअर फिल्टरच्या बाजूने फुसफुस ऐकू आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट, किंवा त्याहून वाईट म्हणजे हेडला चीर. टर्बोच्या गाडीत इनलेटचा आणि एक्झॉस्टचा आवाज टर्बोच्या पोटातून फिरून येतो, जरा दबका होतो. म्हणून दोन्ही होज काढून ऐकलेले बरे. ही चाचणी करायला अर्धा दिवस जातो. इंजिन खोलून पाहायला किती जातो, ते ज्याने खोलले आहे त्यालाच विचारावे.

कॉम्प्रेशन आणि टर्बो यांचा आणखी एक संबंध आहे, आणि त्यात माझ्या मते सर्वांत जास्त पैसे वाया जातात. गाडी निळा धूर मारते, ऑइल खाते. टर्बो उतरवून पाहिला तर आत तेल. ‘टर्बो गेला’ म्हणून नवा बसवला. महिन्याभरात पुन्हा तोच धूर. टर्बोचा दांडा इंजिनाच्याच तेलावर तरंगतो. ते तेल वरून दाबाने येते, पण खाली चेंबरमध्ये परत जाते ते केवळ आपल्या वजनाने. रिंगा झिजलेल्या असतील तर सिलिंडरची हवा खाली चेंबरमध्ये शिरते. आपले मिस्त्री याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे. चेंबर हवेने फुगले की टर्बोमधून उतरणाऱ्या तेलाची वाट अडते, ते तुंबते आणि दांड्याच्या दोन्ही टोकांनी बाहेर झिरपते. चेंबरची हवा बाहेर सोडणारी नळी काजळीने तुंबली असेल, तरीही नेमके हेच घडते. म्हणून नवा टर्बो घेण्याआधी इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण सैल करून पाहावे. झाकण थडथड उडत असेल आणि धुराचे लोट येत असतील, तर आधी ती नळी साफ करावी, मग कॉम्प्रेशन मोजावे. टर्बोचा विचार त्यानंतर.

जुन्या मिस्त्र्यांच्या हातात एक कला होती. चालू डिझेल इंजिनाच्या एकेका नोझलचा पाइप पान्याने ढिला करायचा. ज्याचा ढिला केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर कामचुकार. काट्याविना, दोन मिनिटांत निदान. मला तिच्याबद्दल आदर आहे, आणि म्हणूनच स्पष्ट सांगायला हवे, की आजच्या कॉमनरेल इंजिनावर तो पाना चुकूनही लावू नये. तिथे पाइपमध्ये डिझेलचा दाब हजार किलोंच्या पुढे असतो. सुईसारखी ती धार कातडी भेदून आत शिरते. वरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि आत हात सडतो. असे झाले तर मलम लावून घरी बसू नये, तासाभरात शल्यचिकित्सकाकडे पोचावे आणि डिझेल आत शिरल्याचे सांगावे. हीटर प्लगचीही एक भीती असते. ते वर्षानुवर्षे हेडमध्ये रुतून बसतात आणि जोर लावला की मोडतात. मोडलेला तुकडा काढायला कधीकधी हेड उतरवावे लागते. म्हणजे चाचणीच आजार होऊन बसते. इंजिन गरम असताना, आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाकून, सावकाश काढावेत. आणि मुळात काढायची गरज आहे का, हे आधी ठरवावे.

कारण आता प्लग न काढताही अंदाज घेता येतो. पिस्टन दाबावर येताना सेल्फला जोर लागतो आणि तो बॅटरीतून जास्त विजेचा प्रवाह ओढतो. तारेभोवती चिमटा लावून तो प्रवाह पडद्यावर पाहिला, की प्रत्येक सिलिंडरचा एकेक उंचवटा दिसतो, सह्याद्रीच्या रांगेसारखा. चार उंचवटे सारखे, तर चारही सिलिंडर सारखे. एखादा बुटका, तर तिथे काटा लावायचा. काही गाड्यांत कंपनीचा स्कॅनर क्रँकच्या फिरण्याची चढउतार वाचून हेच सांगतो. त्यात किलोचा आकडा नसतो, फक्त तुलना असते. पण पहिल्या दिवशी मालकाला हवी असते तीही तुलनाच : एक सिलिंडर आजारी आहे, की सगळेच ठीक आहेत आणि दोष बाहेर कुठेतरी आहे?

गॅरेजमध्ये उभे राहून मालकाने विचारायचे ते एवढेच. आकडे किती आले? चारही सांगा. इंजिन गरम होते का, सगळे प्लग काढले होते का, बॅटरी कशी होती? पुस्तकातला आकडा कुठल्या इंजिनाचा? हवा भरून ऐकले का? होज पाहिले का? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही. उलट त्याला बरे वाटते, कारण आपण काय करतो आहोत हे कोणीतरी पाहते आहे, असे त्याच्या वाट्याला फार कमी वेळा येते. खोलायचे ठरलेच, तर खोलण्याआधीचे आणि बांधल्यानंतरचे असे दोन्ही वेळचे आकडे लिहून मागावेत. बांधल्यानंतरचे आकडे पहिल्या हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये, रिंगा बसेपर्यंत, थोडे वर सरकतात. त्याची काळजी करू नये.

आणि गाडी धडधाकट असतानाच एकदा ही चाचणी करून घ्यावी. बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने चार आकडे लिहावेत, तारीख लिहावी, किलोमीटर लिहावेत. त्यापुढे गावाचे नावही लिहावे. मुंबईत घेतलेला २७ आणि तळेघरला घेतलेला २४ हा इंजिनाच्या लेखी एकच आकडा आहे.